वाढदिवसाचें कंत्राट

मनुष्य आपल्या घरीं आपल्या हातानें करीत आलेलें कोणतें काम केव्हां धंदा होऊन बसेल याचा नेम नाहीं. दळण, कांडण, लोणचीं, पापड हीं कामें एके काळीं घरोघर होत. आज त्यांचीं दुकानें आहेत, आणि तीं नसावींत असें म्हणणारी गृहिणी आम्हांस अद्याप भेटावयाची आहे. लग्नकार्यांतील पंगती आचाऱ्यांच्या स्वाधीन झाल्या त्यालाही आतां दोन पिढ्या लोटल्या. राहतां राहिला होता मुलांचा वाढदिवस. तोही आतां कंत्राटानें देतां येतो. पुण्यामुंबईच्या कोणत्याही उपनगरांत दूरध्वनीवर चार शब्द बोलले कीं फुगे, पडदे, जादूगार, खेळ घेणारी ताई आणि जातांना प्रत्येक मुलाच्या हातीं द्यावयाची पिशवी, इतका सारा सरंजाम ठरल्या वेळीं दारांत हजर होतो. यजमान मातापित्यांनीं नवे कपडे घालून उभें राहावें, इतकेंच काम उरतें.

या गोष्टीवर नाक मुरडणें सोपें आहे, आणि आमच्या वयाच्या मंडळींस तें अंमळ अधिकच सोपें जातें. परंतु आमच्या सख्ख्या भाचीनें बँकेंतील कायमची नोकरी सोडून हाच धंदा काढण्याचें ठरविलें, तेव्हां नुसतें नाक मुरडून भागण्यासारखें राहिलें नाहीं. ‘दादा, ती तुझें ऐकते, तूंच तिला दोन शब्द समजावून सांग,’ असा आमच्या धाकट्या बहिणीचा निरोप सकाळीं आला, आणि संध्याकाळीं भाची स्वतः दोन लाख रुपये उसने मागावयास आली. एकाच प्रकरणांत न्यायाधीश आणि सावकार अशा दोन्ही भूमिका अंगावर आल्यामुळें या धंद्याचा जरा बारकाईनें विचार करणें आम्हांस भाग पडलें. त्या विचाराचें सार वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

वाढदिवस ही वस्तु आमच्याकडे नव्हती असें नव्हे. जुन्या धर्मग्रंथांत वर्धापनाचा विधि सांगितलेला आहे. मार्कंडेयाचें व सप्तचिरंजीवांचें पूजन करावयाचें आणि तीळ व गूळ घातलेलें दूध प्यावयाचें, हें त्याचें मुख्य अंग. आमच्या लहानपणापर्यंत या विधीचें रूप अगदीं आटोपशीर झालें होतें : सकाळीं अभ्यंगस्नान, मग औक्षण, पानांत एखादें गोड आणि वडील माणसांस नमस्कार. पाहुण्यांना बोलावण्याची पद्धत नव्हती, कारण घरांतच इतकीं मुलें असत कीं आणखी बोलावलीं तर बसवावयाचीं कोठें हा प्रश्न पडावा. मुलांचा खरा सामुदायिक सोहळा म्हणजे बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हांतरी तान्ह्या मुलास काळें झबलें व हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवावें आणि बोरें, चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे यांचा त्याच्या डोक्यावरून वर्षाव करावा. शेजारपाजारचीं मुलें ती लूट वेंचण्यासाठीं जमिनीवर लोळण घेत. हा समारंभ ज्या कोणा आजीबाईनें प्रथम योजिला तिला बालस्वभावाचें ज्ञान पुरेपूर असलें पाहिजे. उत्सवमूर्ति पाटावर बसून रडत असली तरी बाकीच्यांचा आनंद अडत नाहीं. खेळांत कोणी हरत नाहीं, कोणी बाद होत नाहीं. आणि घरीं न्यावयाची भेट ज्याची त्यानें स्वतः गोळा केलेली असते.

हल्लींच्या वाढदिवसाचें साहित्य मात्र दूरदूरच्या देशांतून आलेलें आहे. मेणबत्त्या लावलेल्या केकची चाल अठराव्या शतकांतील जर्मनीपर्यंत मागें नेतां येते. रबराचा फुगा मायकेल फॅरडे यानें १८२४ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें तयार केला, तो कोणा बालकासाठीं नव्हे, तर हायड्रोजन वायूवरील प्रयोगांसाठीं. रबराचे दोन तुकडे एकावर एक ठेवून त्यानें त्यांच्या कडा दाबून जोडल्या आणि आंतल्या बाजू एकमेकींस चिकटूं नयेत म्हणून तेथें पीठ चोळलें. वाढदिवसाच्या गाण्याची हकीकत तर आम्हां शिक्षकांस अभिमान वाटावा अशी आहे. अमेरिकेंत केंटकी राज्यांतील लुइव्हिल येथें पॅटी हिल नांवाची बालवर्गाची शिक्षिका होती. तिनें व मिल्ड्रेड या तिच्या बहिणीनें मुलांना वर्गांत सकाळीं म्हणावयास एक अभिवादनगीत रचलें. तें १८९३ सालीं छापलें गेलें आणि त्याच चालीवर पुढें वाढदिवसाचे शब्द बसले. या भगिनींची रीत अशी कीं, गाणें घरीं रचावें, दुसऱ्या दिवशीं वर्गांत नेऊन मुलांकडून म्हणवून पाहावें, आणि लहानग्यांच्या गळ्यास तें झेपलें नाहीं तर रात्रीं बसून पुन्हां बदलावें. मुलांच्या गळ्यांतून असें पारखून निघालेलें हें गाणें पुढें एका कंपनीची मालमत्ता समजलें जाऊन चित्रपटांत तें घालण्यास पैसे मोजावे लागत. २०१५ सालीं अमेरिकेंतील न्यायालयानें कंपनीचा हक्क अमान्य केला आणि २०१६ सालीं एक कोटी चाळीस लाख डॉलरांची तडजोड होऊन गाणें सर्वांस मोकळें झालें. या शिक्षिकेची आठवण आम्हांस पुढें लागणार आहे, म्हणून ती येथें नोंदवून ठेवतों.

आतां भाचीच्या वहीकडे वळूं. तींत पहिला हिशेब पंचवीस मुलांच्या समारंभाचा होता. खाणें आणि केक यजमानाचा. बाकी सर्व व्यवस्थेचे त्याच्याकडून अठ्ठावीस हजार रुपये घ्यावयाचे. त्यांतून सजावटीचे आठ, जादूगाराचे चार, फोटोवाल्याचे चार, पंचवीस पिशव्यांचे दर पिशवीस एकशें साठ याप्रमाणें चार, टेंपोचे दोन आणि दोघी मदतनीस बायांचे दोन, असे चोवीस हजार जावयाचे. हातीं उरावयाचे चार. एका संध्याकाळचे चार हजार ऐकून कोणी हुरळून जाईल. पण त्या संध्याकाळच्या मागें आठ दिवसांची धांवपळ असते. शिवाय मूल सोमवारीं जन्मलें काय किंवा गुरुवारीं जन्मलें काय, त्याचा वाढदिवस हल्लीं शनिवारीं नाहीं तर रविवारींच येतो. म्हणजे महिन्याचे फार तर आठ समारंभ आणि सगळे पदरांत पडले तरी बत्तीस हजार; बँकेंतला पगार याहून बराच अधिक होता. मार्चमध्यें परीक्षा आणि मे महिन्यांत बाळगोपाळ गांवोगांव पांगलेले, हें धरलें म्हणजे बारमाही दिसणारा हा धंदा वस्तुतः दहा महिन्यांचाच आहे.

फायदा कोठें दडला आहे हें मात्र तिनें अचूक हेरलें होतें. कापडी पडदे, लोखंडी चौकटी, लाकडी कमानी अशा वस्तु एकदां घेऊन वीस वेळां वापरावयाच्या. म्हणजे सजावटीच्या आठ हजारांतले निम्मे पहिल्या कांहीं समारंभांनंतर घरांतच राहूं लागतात. दोन लाख हवे होते ते याचसाठीं. कायदाही या योजनेस अनुकूलच होता. महाराष्ट्रांत २०१८ सालच्या बंदीनें थर्माकोलची सजावट गेली आणि १ जुलै २०२२ पासून फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्याही देशभर बंद झाल्या. तेव्हां टिकाऊ वस्तूंस आतां मागणी येणार असा तिचा अंदाज होता. बाकी सरकारी सोपस्कार फारसे नाहींत. लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून घरबसल्या व विनामूल्य होते, आणि सेवेच्या धंद्यांत वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आंत आहे तोंवर वस्तु व सेवा कराची नोंदणी सामान्यतः करावी लागत नाहीं. खरें संकट म्हणजे तापाचें. उत्सवमूर्तीस शुक्रवारीं रात्रीं ताप भरला तर शनिवारचा समारंभ रद्द. त्या वेळीं आगाऊ घेतलेले निम्मे पैसे परत द्यावयाचे कीं नाहीं? भाचीनें लिहून ठेवलें होतें : ‘तारीख पुढें ढकलावी, फक्त नाशवंत वस्तूंचे पैसे घ्यावेत.’ हें वाक्य वाचून आमच्यांतील सावकार निश्चिंत झाला. आम्हीं पैसे दिले, आणि बहिणीस कळविलें कीं, तुझी मुलगी ज्या व्यवहारांत पडत आहे त्याची तिला माहिती आहे. बँकेंत शिरली तेव्हां होती त्याहून अधिकच आहे.

धंद्यांतील तिसऱ्या समारंभास माणसें कमी पडलीं म्हणून तिनें आम्हांस मदतीस बोलाविलें. महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत अठ्ठावीस वर्षें घालविलेल्या मनुष्यास करतां येण्यासारखें एकच काम तेथें होतें : दारापाशीं वही घेऊन बसावें, येणाऱ्या मुलांची हजेरी घ्यावी, कोणास शेंगदाणे किंवा दूध चालत नाहीं तें आईबापांस विचारून लिहावें, आणि मूल ज्याच्याबरोबर आलें त्याच्याबरोबरच परत जात आहे हें पाहावें. आम्हीं तें इमानानें केलें, आणि दारापाशींच्या त्या खुर्चीवरून या कलेचे पुष्कळ बारकावे पाहिले. लवकर आलेल्या मुलांस रिकामें ठेवावयाचें नाहीं. धांवण्याचे खेळ आधीं आणि बसून पाहण्याचे मागून. फुगा फुटला कीं त्याच्या चिंध्या लगेच उचलावयाच्या, कारण लहान मूल त्या तोंडांत घालून गुदमरूं शकतें. संगीत खुर्चीस तर तिनें आपल्या यादींतून हद्दपारच केलें होतें. ‘मामा, त्या खेळांत पहिल्या मिनिटाला बाद झालेलं मूल उरलेला वेळ काय करणार? तें केकमध्यें बोट घालणार,’ असें ती म्हणाली. बोरन्हाण योजणारी आजीबाई आम्हांस त्या वेळीं आठवली.

समारंभ सहा वर्षांच्या एका मुलाचा होता. बापानें जंगलाचा देखावा मागितला होता : कागदी वृक्ष, वेली, मधोमध व्यासपीठ आणि वाघाचें भलें मोठें मुंडकें घातलेला एक मनुष्य. वाघोबा दारांतून आंत आले मात्र, उत्सवमूर्तीनें किंकाळी फोडली आणि ती केकच्या टेबलाखालीं जाऊन बसली. बापानें पुष्कळ समजूत घातली, वाघानें मुंडकें काढून आपला घामेजलेला माणसाचा चेहरा दाखविला, व्यर्थ. अखेर भाचीनें एक युक्ति केली. फुगे फुगविण्याचा हातपंप तिनें टेबलाखालीं सरकविला आणि दहाबारा कोरे फुगे जवळ ठेवून ती शांतपणें शेजारीं बसली. पांच मिनिटांनीं टेबलाखालून एक वेडावांकडा लाल फुगा बाहेर आला. मग दुसरें एक मूल आंत शिरलें, मग तिसरें. अर्ध्या तासांत व्यासपीठ ओस पडलें आणि पंपापुढें पंचवीस मुलांची रांग लागली. फुगा फुगवावा, न बांधतांच सोडून द्यावा, तो फुर्र करीत छतापर्यंत जाऊन कोणाच्या तरी डोक्यावर पडावा, आणि सर्वांनीं हंसून हंसून बेजार व्हावें, असा तो कार्यक्रम पाऊण तास चालला. जादूगार हातांत टोपी घेऊन उभाच होता.

दुसऱ्या दिवशीं यजमानाचा निरोप आला कीं, एकाही फोटोंत व्यासपीठावर मुलगा नाहीं, तेव्हां उरलेल्या पैशांतून सहा हजार कापून घेत आहों. चार हजारांचा फायदा तर गेलाच, वर पदरचे दोन हजार गेले.

या प्रसंगांत कोण दुष्ट आणि कोण सुष्ट असा निवाडा करणें सोपें वाटतें, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्या गृहस्थानें पैसे मोजले होते आणि मागितलेली वस्तु त्यास मिळाली नव्हती. त्याची आई दूर सांगलीस असते. नातवाच्या वाढदिवसास तिला येतां आलें नाहीं. तिच्या वांट्याचा वाढदिवस म्हणजे ते फोटो. दिवसाचे दहा तास कचेरींत काढणाऱ्या बापास, आपण मुलासाठीं कांहीं केलें याची डोळ्यांस दिसणारी खूण हवी असेल तर त्यांत नवल काय? दुसऱ्या बाजूस, ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्या मुलाच्या जन्मांतला तो उत्तम वाढदिवस होता. आणि त्याला उद्यां विचारलें तर ‘मजा आली’ या दोन शब्दांपलीकडे त्याच्याजवळ पुरावा नाहीं.

आमच्या मतें या धंद्याचें मर्म येथें आहे. येथें गिऱ्हाइकें दोन आहेत : एक पैसे देणारें आणि एक माल घेणारें. दोघांचीं मापें निराळीं. देणाऱ्याचें माप चित्रांत उतरतें, चारचौघांस दाखवितां येतें, वर्षानंतर पुन्हां काढून पाहतां येतें. घेणाऱ्याचें माप त्याच संध्याकाळीं हवेंत विरून जातें. अशा व्यवहारांत दुकानदार कितीही प्रामाणिक असला तरी तो हळूहळू दाखवितां येणाऱ्या मापाकडे झुकत जातो. व्यासपीठ दर वर्षीं हातभर उंच होतें, वाघाचें मुंडकें वीतभर मोठें होतें, आणि मुलें मात्र टेबलाखालींच असतात. जुन्या घरगुती समारंभांत ही अडचण नव्हती, कारण तेथें पैसे देण्याघेण्याचाच प्रश्न नव्हता; पण त्या बिनपैशांच्या व्यवस्थेचा भार कोणी वाहिला हें विसरून चालणार नाहीं. शंभर करंज्या तळून झाल्यावर मुलांचे खेळ पाहावयास आमच्या आईस कधीं सवड झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. भाचीच्या हाताखालच्या दोघी बाया त्याच कामाचे संध्याकाळीं हजार हजार रुपये मोजून घेतात. यांत कांहीं बिघडलें असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

दोन गिऱ्हाइकांचा हा पेंच आम्हांस फार ओळखीचा वाटला. शाळाकॉलेजांची फी बाप भरतो आणि शिकतो मुलगा. बापास टक्के दाखवितां येतात. एखादी कविता प्रथमच समजल्यावर विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जें कांहीं क्षणभर दिसतें तें कोणत्याही गुणपत्रिकेंत लिहितां येत नाहीं. सारी शिक्षणसंस्था त्यामुळें टक्क्यांकडे झुकते, आणि तिला दोष द्यावा तर टक्क्यांवांचून मुलास पुढें प्रवेश मिळत नाहीं हेंही खरें. लुइव्हिलच्या त्या शिक्षिकेचें मोठेपण आम्हांस यांत दिसतें कीं, गाणें छापून विकत घेणारीं मोठीं माणसें असलीं तरी तें पसंत करण्याचा अधिकार तिनें मुलांच्या गळ्यास दिला होता. आमच्याकडे ताराबाई मोडक यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डीच्या बाजूस १९४५ नंतर जें काम केलें त्याच्या मुळाशींही हीच वृत्ति होती. आदिवासी मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत आणि गुरें चरतात त्या कुरणांत न्यावी, असें त्यांनीं ठरविलें. जें मूल फी देत नाहीं, तक्रार करीत नाहीं आणि कारणें सांगूं शकत नाहीं, त्याचें न येणें हेंच त्यांनीं उत्तर मानलें.

भाचीस ही तत्त्वचर्चा ऐकावयास वेळ नव्हता. सहा हजारांची खोट भरून काढावयाची होती. तिनें करारपत्रांत एक कलम घातलें. समारंभ अडीच तासांचा. पहिला अर्धा तास फोटोंचा. मुलें तेव्हां ताजीं असतात, कपडे स्वच्छ असतात, आजीस पाठवावयाचीं सर्व चित्रें तेव्हांच काढून घ्यावींत. नंतरचे दोन तास मुलांचे. त्यांत कोणास उचलून व्यासपीठावर न्यावयाचें नाहीं आणि कार्यक्रम बदलला तर त्याबद्दल पैसे कापावयाचे नाहींत. प्रत्येक समारंभांत दोन हातपंप आणि शंभर कोरे फुगे मुलांच्या स्वाधीन. हें कलम वाचून कांहीं गिऱ्हाइकें सरळ उठून गेलीं. जीं राहिलीं त्यांतलीं कांहीं दुसऱ्या वर्षीं पुन्हां आलीं. एका बाईनें सांगितलें कीं, मुलगी वर्षभर ‘त्या पंपवाल्या ताई’ची वाट पाहत होती, मुलाचें माप कधीं कधीं वर्षभर टिकतें, असें यावरून दिसतें.

तथापि कलमानें सर्व प्रश्न सुटले असें सांगून आम्ही वाचकांची फसवणूक करणार नाहीं. परवाच्या जुलै महिन्यांत पावसानें दोन समारंभ पुढें गेले, गोदामाचें भाडें थकलें, आणि भाचीनें कलम गाळून एक वाघ पत्करला. त्याबद्दल ती आमच्याशीं बोलली नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं. धंद्यांत तत्त्व पाळावयाचें तर तें भाडें भरून पाळावें लागतें, आणि ज्याला दरमहा पगार मिळतो त्यानें याविषयीं जपूनच बोलावें.

तिला आतां तिसरें वर्ष लागलें आहे. आमचे दोन लाख ती हप्त्यांनीं फेडीत असून निम्म्याहून अधिक फिटलेही आहेत. हप्ते सारखे येत नाहींत : डिसेंबर-जानेवारींत भरघोस येतात, मार्चमध्यें मुळींच येत नाहींत, जूनमध्यें शाळा उघडल्या कीं पुन्हां सुरू होतात. आमचें पासबुक पाहून शाळांच्या परीक्षा आणि सुट्या केव्हां आहेत हें कोणासही बिनचूक सांगतां येईल. बहीण अधूनमधून विचारते, ‘दादा, तिचं नीट चाललं आहे ना?’ आम्ही तिला पासबुकांतला शेवटचा आंकडा वाचून दाखवितों. तोच तेवढा दाखवितां येण्यासारखा आहे.